कान, १ जून आणि ३१ डिसेंबर

कोल्हापुरात सत्तरीपुढच्या चार जणांना जन्मतारीख विचारली, तर एखादा तरी १ जून सांगतोच. शाळा जूनला भरायची. पोरानं डोक्यावरून हात घालून पलीकडचा कान धरला की गुरुजी पटावर नाव चढवायचे, तारीख आपल्या सोयीनं. ही परीक्षा अगदीच अडाणी नव्हती. वयाबरोबर हात डोक्याच्या मानानं लांब होतात आणि सहाच्या आसपास बोटं कानाला पोचतात. अक्षरओळख कुणी विचारत नसे.

त्याआधी १९१७ मध्ये संस्थानानं प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल न धाडणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड. तेव्हा मूल शाळेत आणणं हाच सवाल होता, त्याची तयारी नव्हे. १९७५ नंतर अंगणवाड्या आल्या. तिथंही वजन आणि खाऊ आधी, शिकणं मागाहून.

खरा घोळ अलीकडचा. पहिलीसाठी सहा वर्षं कधी पूर्ण हवीत? राज्यात ही तारीख ३० सप्टेंबर होती, २०२० मध्ये ती ३१ डिसेंबर झाली. म्हणजे डिसेंबरअखेर जन्मलेलं पोर जूनमध्ये जेमतेम साडेपाच वर्षांचं असताना बाकावर बसतं. वर्गातल्या थोरल्या-धाकट्यात वर्षाचं अंतर आधीही होतं, पण आता धाकटं आणखी तीन महिन्यांनी लहान झालं. केंद्र सरकारच्या केंद्रीय विद्यालयांनी २०२२ पासून ३१ मार्चलाच सहा पूर्ण हवीत असं ठरवलं. तेच पोर एका शाळेत चालतं, दुसरीत त्याला वर्षभर थांबावं लागतं. ‘एक वर्ष वाचलं’ म्हणून खूश होणारे पालक भेटतात. काय वाचलं, ते मला अजून उमगलेलं नाही.

‘तयारी’ या शब्दानं गोंधळ वाढवला. बालरोगतज्ज्ञांचे विकासाचे टप्पे म्हणजे तारखा नव्हेत. आधाराशिवाय चालणं आठव्या महिन्यापासून सतराव्यापर्यंत कधीही सुरू होतं. अमेरिकेतल्या अशा टप्प्यांच्या सरकारी यादीतून २०२२ मध्ये रांगणं चक्क काढून टाकलं. शाळापूर्व तयारीच्या सरकारी मेळाव्यांत उड्या मारणं, वस्तूंचे गट करणं, चित्र पाहून बोलणं असतं. घरोघरी मात्र ‘पोरगं एबीसीडी लिहितंय, मग घ्या की पहिलीत!’

प्रवेशासाठी मुलाची चाचणी घ्यायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी घातली. आता गुरुजींनी कान धरायला लावला, तरी तो कायदेभंगच.