लघुव्यवसायातील संगणकीय हिशेबप्रणाली (ठाणे व नवी मुंबई)

नव्याने सुरू केलेल्या छोट्या व्यवसायाचे बिलिंग, हिशेब, मालसाठा, पगार व करविवरणे सांभाळण्यासाठी निवडलेली संगणकीय साधने. ठाण्यातील वागळे इस्टेट, नवी मुंबईतील रबाळे-महापे पट्टा आणि तुर्भे येथील घाऊक बाजार या तीन ठिकाणी निवडीची गणिते वेगवेगळी असल्याने प्रस्तुत नोंद त्या परिसरापुरती ठेवली आहे. मोबाइलवरून बिल पाठवणे, क्यूआर कोडवर पैसे घेणे इ. सर्वपरिचित बाबींचा विस्तार केलेला नाही.

पूर्वपीठिका : मराठी मुलखातील व्यापारी हिशेब देशी नाम्याने, म्हणजे रोजकीर्द (रोजमेळ) व खतावणी या वह्यांत ठेवला जाई. कागदाला उभ्या घड्या घालून सळ पाडत. पानाच्या डाव्या अंगाला जमा आणि उजव्या अंगाला नावे. इंग्रजी खातेवहीच्या तुलनेत ही मांडणी उलटी पडते. पेशवे दफ्तरातील रोजकीर्दी व ताळेबंद याच परंपरेतले. देशी नामा ही स्वतंत्रपणे विकसित झालेली द्विनोंदी (प्रत्येक व्यवहार जमा व नावे अशा दोन्ही बाजूंनी नोंदवण्याची) पद्धती होती, की एकेरी नोंदीचीच सुधारलेली तऱ्हा, याबद्दल मतभेद आहेत. बी. एम. लाल निगम यांनी १९८६ मध्ये ‘अ‍ॅबॅकस’ या नियतकालिकातील लेखात वहीखात्याची पद्धत इटालियन गणिती लुका पाचोली याच्या द्विनोंदीवरील १४९४ मधील विवेचनाहून पुष्कळ जुनी व खऱ्या अर्थाने द्विनोंदी असल्याचे प्रतिपादन केले. पुढच्याच वर्षी क्रिस्टोफर नोब्स यांनी त्याच नियतकालिकात आक्षेप घेतला. तेवढ्या जुन्या काळातला प्रत्यक्ष पुरावा पुढे आल्याशिवाय दावा सिद्ध होत नाही, असा त्यांचा रोख होता. नोब्स यांची भूमिका अधिक सावध आहे. पेशवेकालीन कागदांवरून अठराव्या शतकातली पद्धत कळते. तिच्या आधारे चौदाव्या-पंधराव्या शतकाविषयी अनुमान काढणे धाडसाचे ठरेल.

वर्षारंभाचा प्रश्न मात्र कायद्याने मिटला. लक्ष्मीपूजनाला वही पुजून पाडव्यापासून नवे खाते उघडण्याचा प्रघात होता. आयकरासाठी १ एप्रिल १९८९ पासून सर्वांना एप्रिल-मार्च हेच वर्ष लागू झाले आणि संगणकप्रणालींनीही तेच गृहीत धरले. दिवाळीला संगणकाला हळदकुंकू वाहण्याची पद्धत अजून आहे. त्या दिवशी नवे खाते मात्र कोणी उघडत नाही.

टॅली व इतर प्रणाली : भारतातील छोट्या व्यवसायांच्या हिशेबप्रणालींचा विचार सामान्यतः टॅलीपासून सुरू होतो. श्यामसुंदर गोयंका व त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी बंगळूर येथे प्युट्रॉनिक्स ही कंपनी काढली. गिरण्या व कारखान्यांना कच्चा माल आणि सुटे भाग पुरवण्याच्या घरच्या धंद्याला जुळेल अशी प्रणाली बाजारात न मिळाल्याने मुलाने ती स्वतः लिहिली, अशी हकिगत सांगितली जाते. पहिल्या आवृत्तीचे नाव ‘द अकाउंटंट’ होते. टॅली हे नाव १९८८ च्या सुमारास आले. त्यामुळे टॅलीचा आरंभ कोठे १९८६, तर कोठे १९८८ असा दिलेला आढळतो. पहिले वर्ष कंपनीचे व दुसरे नावाचे मानल्यास विरोध उरत नाही. कंपनीने १९९९ मध्ये टॅली सोल्यूशन्स हे नाव घेतले. टॅली ईआरपी ९ ही आवृत्ती २००९ मध्ये व टॅलीप्राइम २०२० मध्ये आली.

टॅलीचा जम बसण्यामागे कीबोर्डचा वाटा मोठा आहे. एफ-४ ला काँट्रा, एफ-५ ला पेमेंट, एफ-६ ला रिसीट, एफ-७ ला जर्नल, एफ-८ ला सेल्स, एफ-९ ला परचेस : या सहा कळा बोटांत बसलेला अकाउंटंट माउसला सहसा हात लावत नाही आणि दुसऱ्या प्रणालीवर बसवला की कुरकुरतो. परवाना नसताना प्रणाली एज्युकेशनल मोडमध्ये चालते; त्यात महिन्याच्या १, २ व ३१ तारखेच्याच नोंदी करता येतात. क्लासमधल्या विद्यार्थ्यांच्या सरावात सगळा धंदा महिन्याच्या दोन टोकांना झालेला दिसतो, तो यामुळे.

दिल्लीहून आलेल्या बिझी व मार्ग या प्रणालींपैकी मार्ग औषधविक्रेत्यांत अधिक दिसते. तिचा भर बॅच क्रमांक व मुदतसमाप्तीच्या तारखेवर आहे. झोहो बुक्स ही ब्राउझरमधून चालणारी, वर्गणीची प्रणाली. व्यापार, खाताबुक ही मोबाइल अ‍ॅपे उधारीची वही व साधे बिल यांपुरती सोयीची. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीची ईआरपीनेक्स्ट ही प्रणाली मुक्तस्रोत असून परवान्याचे पैसे पडत नाहीत. सर्व्हर व तो सांभाळणारा माणूस यांचे मात्र पडतात. फुकट म्हणून ती घेणारे बहुधा हा दुसरा आकडा मांडत नाहीत.

परिसर : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी अस्तित्वात आले, तेव्हा त्याचे कामकाज वागळे इस्टेटमधूनच चाले. खाडीपलीकडचा ठाणे-बेलापूर पट्टा पुढे वाढला, १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली आणि मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भ्याला हलले. परिणामी काही किलोमीटरच्या अंतरात लेथवाला, आडत्या, क्लाउड किचन आणि महाप्याचा सॉफ्टवेअर गाळा असे चौघे शेजारी आहेत. चौघांचा सीए एकच असू शकतो. प्रणाली एकच असेलच असे नाही.

बिल क्रमांक व ई-इन्व्हॉइस : वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. नोंदणीची मर्यादा सर्वसाधारणपणे मालाच्या धंद्याला ४० लाख व सेवांना २० लाख रुपये वार्षिक उलाढालीची आहे. नोंदणी झाल्यावर मिळणारा क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७), पुढची दहा अक्षरे पॅनची, तेरावे त्याच पॅनवरील नोंदणीचे, चौदावे सामान्यतः झेड आणि शेवटचे पडताळणीचे. ग्राहकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला क्रमांक टाइप करताना एक अक्षर चुकले, तर बरी प्रणाली पडताळणी अक्षरावरून लगेच अडवते. साधी प्रणाली तो घेते, आणि चूक महिन्याने ग्राहकाच्या टूबीत (पोर्टलवर दिसणाऱ्या खरेदी-बिलांच्या मासिक विवरणात) बिल न दिसल्यावर कळते.

बिल क्रमांकाचा नियम अधिक त्रासदायक आहे. तो आर्थिक वर्षात एकमेव, सलग आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असावा लागतो. अक्षरे, अंक, आडवी रेघ व तिरपी रेघ एवढेच चालते. नवउद्योजक हौसेने फर्मची तीन अक्षरे, शाखेची तीन अक्षरे, २०२५-२६ असे पूर्ण वर्ष व चार अंकी क्रमांक, मध्ये तीन तिरप्या रेघा अशी रचना करतात. बेरीज २० होते. शाखा वगळून वर्ष २५-२६ असे लिहिले, तर १४ अक्षरांत भागते. वर्षाच्या मध्यात रचना बदलणे किचकट असल्याने प्रणाली बसवतानाच हे ठरवणे इष्ट.

हा क्रमांक ई-इन्व्हॉइसचा, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेल्या बिलाचा, पाया आहे. पुरवठादाराचा नोंदणी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार व बिल क्रमांक यांवरून ६४ अक्षरांचा संदर्भांक तयार होतो व पोर्टलकडून सहीनिशी क्यूआर कोड मिळतो. त्यामुळे तोच क्रमांक त्याच वर्षी दुसऱ्यांदा चढवता येत नाही. पोर्टलवर ई-इन्व्हॉइस रद्द करायला २४ तास मिळतात. नंतर बिलाची रक्कम वळती करणारी क्रेडिट नोटच काढावी लागते. ई-इन्व्हॉइसची सक्ती १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींच्या वरच्या उलाढालीला होती. ती उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. नव्या धंद्याला ती पहिल्या दिवशी लागत नाही. तरी मर्यादा ज्या वेगाने खाली आली, ते पाहता ई-इन्व्हॉइसची सोय नसलेली प्रणाली घेणे शहाणपणाचे मानले जात नाही. माल वाहून नेताना लागणाऱ्या ई-वे बिलाची मर्यादा सामान्यतः ५०,००० रुपये असली, तरी महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीला ती १ लाख आहे. प्रणालीत राज्याचा अपवाद भरलेला नसेल, तर ठाण्याहून महाप्याला जाणाऱ्या टेम्पोसाठीही ती विनाकारण ई-वे बिल मागत राहते.

जॉबवर्क (आपल्या मालावर दुसऱ्याकडून करून घेतलेले काम) : वागळे इस्टेट व रबाळे येथील गाळ्यांची खरी अडचण बिलाची नसून मालासोबत पाठवायच्या चलनाची आहे. एका गाळ्यात लेथवर झालेले ५०० नग प्लेटिंगला रबाळ्याला जातात, तेथून ग्राइंडिंगला पावणे येथे आणि मग परत येतात. परत येताना ४८८ चांगले, ९ रिजेक्ट व ३ गहाळ असा हिशेब असतो. माल मालकाचाच, पण दुसऱ्याच्या गाळ्यात, आणि विक्री झालेली नाही, ही स्थिती प्रणालीला दाखवता आली पाहिजे. कायद्यानुसार असा माल एका वर्षात परत यावा लागतो. न आल्यास तो ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी पुरवला असे धरून कर लागतो. यंत्रसामग्रीला ही मुदत तीन वर्षांची आहे. टॅलीत यासाठी मटेरियल आउट, मटेरियल इन ही व्हाउचरे व त्रयस्थाकडील गोडाउन अशी सोय आहे. बहुसंख्य मोबाइल अ‍ॅपांत डिलिव्हरी चलन निघते, पण परत आलेला माल त्याच चलनाशी जुळत नाही. मग जुळवणी एक्सेलमध्ये होते आणि एक्सेलची फाइल फोरमनच्या मोबाइलवर राहते.

उधारीच्या मुदतीलाही कायद्याची जोड मिळाली आहे. सूक्ष्म व लघु उद्योगाला द्यायची रक्कम लेखी करार असल्यास कमाल ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत चुकती न केल्यास ती प्रत्यक्ष फेडल्याच्या वर्षीच खर्च म्हणून वजा मिळते; ही तरतूद करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू आहे. पुरवठादारांची उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु उद्योग म्हणून झालेली सरकारी नोंद) व बिलांचे वय एका यादीत दाखवणारी प्रणाली मार्चमध्ये उपयोगी पडते. हे वैशिष्ट्य जाहिरातीत क्वचितच ठळक असते.

घाऊक बाजार : तुर्भ्याच्या बाजार आवारात कांदा-बटाटा, फळे, भाजीपाला, मसाला व दाणाबंदर (धान्य) असे पाच बाजार आहेत. ताज्या फळा-भाज्यांना वस्तू व सेवा कर नाही. त्यामुळे करविवरणांसाठी बनलेली प्रणाली आडत्याच्या फारशी कामाची नसते. त्याला लागते ती पट्टी : शेतकऱ्याचे नाव, गाडी, नग, वजन, भाव आणि त्यातून हमाली, तोलाई व गाडीभाडे वजा जाऊन उरलेली रक्कम. एकाच गाडीतला माल दहा खरेदीदारांना दहा भावांनी जातो व पट्टी मात्र एकच निघते. जुलै २०१६ मध्ये फळे-भाजीपाल्यावरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे धोरण आल्यावर पट्टीचा नमुनाच बदलला. ही कामे बहुधा स्थानिक प्रोग्रामरने लिहून दिलेल्या प्रणालींवर चालतात. लिहिणारा माणूस उपलब्ध असेपर्यंत त्या उत्तम.

पगार : महाराष्ट्रातील व्यवसाय कर दरमहा १०,००० रुपयांवरील पगाराला २०० रुपये व फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला २,५०० असा आहे, दरमहा २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो एप्रिल २०२३ पासून लागत नाही. फेब्रुवारीतले ते जादा शंभर न कळणारी पगारप्रणाली येथे निरुपयोगी. कर्मचारी राज्य विमा साधारणतः १० व भविष्य निर्वाह निधी २० कामगारांपासून लागतो. त्याआधी पगारासाठी वेगळी प्रणाली घेण्याचे कारण दिसत नाही.

मराठी मजकूर : मराठीत बिल छापण्याची गरज नौपाड्यातल्या किराणा व मिठाईवाल्यांना अधिक. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत मजकूर दिसतो देवनागरी, पण साठवला जातो रोमन चिन्हांच्या जागी. फाँट नसलेल्या संगणकावर ‘बाकरवडी’ची अक्षरओळख पटत नाही आणि शोध, अनुक्रम दोन्ही बिघडतात. युनिकोडमध्ये हा प्रश्न नाही. मात्र थर्मल प्रिंटरवर जोडाक्षरे व र्‍य, र्‍ह यांतला अर्धा र तुटतो का, हे छापूनच पाहावे लागते.

निवड : प्रणाली कोणती हे व्यवहारात मालकापेक्षा त्याचा सीए आणि संध्याकाळी दोन तास येणारा पार्ट-टाइम अकाउंटंट ठरवतात. यावर टीका होते. तरी नव्या धंद्यापुरते हेच अधिक व्यवहार्य दिसते, कारण वस्तू व सेवा कराचे विवरण भरण्याच्या ११ व २० तारखांना अडचण सोडवणारे तेच दोघे असतात. व्यवसायाचे स्वरूपही पाहावे लागते. खासगी मर्यादित कंपनी असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी व ती बंद करता न येणारी प्रणालीच वापरावी लागते. मालकी व भागीदारी फर्मना ही सक्ती नाही. जुनी, स्वस्तात मिळालेली आवृत्ती एखाद्या प्रोप्रायटरला चालून जाते, आणि त्याच धंद्याची कंपनी केल्यावर बाद ठरते.

हिशेब किती काळ जपायचा, यावर खरेदीची पद्धत अवलंबून ठेवणे बरे. वस्तू व सेवा कराची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने आणि कंपनीच्या वह्या आठ वर्षे ठेवाव्या लागतात. कायमस्वरूपी परवान्याची प्रणाली नूतनीकरण थांबवले तरी जुन्या नोंदी उघडते. वर्गणीच्या प्रणालीत पैसे भरणे बंद केल्यावर काय दिसेल, हे करारात वाचावे लागते. पीडीएफ पुराव्याला चालते, पण दुसऱ्या प्रणालीत चढवता येत नाही. त्यासाठी नोंदी एक्सेल किंवा एक्सएमएल स्वरूपात बाहेर काढाव्या लागतात, आणि त्या व्हाउचरनिहाय निघतात की नुसत्या बेरजा, हे जाणकार अकाउंटंट चाचणीच्या मुदतीतच दहा-बारा नमुना बिले करून पाहतात.