बीजोद्धार : स्तोत्रांत दडलेले बीजमंत्र

देवतेचे एकाक्षरी किंवा अल्पाक्षरी बीज थेट न लिहिता श्लोकातील सांकेतिक शब्दांमधून सुचवणे आणि जाणत्याने ते त्या शब्दांतून वर काढणे, या रीतीला बीजोद्धार किंवा मंत्रोद्धार म्हणतात. उद्धार म्हणजे येथे उचलून बाहेर काढणे. तंत्रग्रंथांत ही रीत सर्रास आढळते, पण घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या काही संस्कृत स्तोत्रांतही ती आहे, आणि रोज पाठ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांच्या ती लक्षात आलेली नसते.

सर्वांत ओळखीचे उदाहरण गणपती अथर्वशीर्षातले. जालना जिल्ह्यातील राजूरच्या गणपतीसमोर असो की घरच्या देवघरात, 'गणादिं पूर्वमुच्चार्य वर्णादिं तदनन्तरम्' हे शब्द मराठवाड्यात लहान मुलांनाही पाठ असतात. त्यांचा अर्थ सरळ आहे. 'गण' शब्दाचे पहिले अक्षर (ग्) आधी उच्चार, मग वर्णमालेतले पहिले अक्षर (अ), त्यानंतर अनुस्वार. झाले 'गं'. पुढे 'तारेण ऋद्धम्' येते. तार म्हणजे ॐ, तो जोडला की 'ॐ गं' तयार होते. गंमत अशी की एवढे कोडे घातल्यावर अथर्वशीर्ष स्वतःच ते सोडवून दाखवते: गकार पूर्वरूप, अकार मध्यमरूप, अनुस्वार अन्त्यरूप. शेवटी 'ॐ गं गणपतये नमः' हा मंत्र उघडच दिला आहे. तेव्हा याला गुप्त म्हणणे जरा धाडसाचेच. ही शिकवण्याची रीत आहे.

देवी अथर्वशीर्ष मात्र किल्ली हातात देत नाही. 'वियदीकारसंयुक्तं वीतिहोत्रसमन्वितम् । अर्धेन्दुलसितं देव्या बीजं सर्वार्थसाधकम्' या श्लोकात वियत् म्हणजे आकाश, म्हणून ह. वीतिहोत्र म्हणजे अग्नी, म्हणून र. सोबत ईकार आणि वर अर्धचंद्रासह बिंदू. जुळणी केली की 'ह्रीं'. आकाशाला ह आणि अग्नीला र का, याचे उत्तर पंचमहाभूतांच्या बीजांत मिळते: पृथ्वीचे लं, जलाचे वं, अग्नीचे रं, वायूचे यं, आकाशाचे हं. मानसपूजेत 'लं पृथिव्यात्मकं गन्धम्' असे म्हणणाऱ्याला ही यादी नकळत पाठच असते.

त्याच अथर्वशीर्षात देवीच्या नवार्ण म्हणजे नऊ अक्षरी मंत्राचा उद्धार आहे आणि तो अधिक खोल आहे. मंत्र असा: ऐं ह्रीं क्लीं चामुण्डायै विच्चे. श्लोक सुरू होतो 'वाङ्माया ब्रह्मसूस्तस्मात् षष्ठं वक्त्रसमन्वितम्' असा. वाक् म्हणजे ऐं, माया म्हणजे ह्रीं, ब्रह्मसू म्हणजे काम, त्याचे बीज क्लीं. आता 'तस्मात् षष्ठम्', म्हणजे क पासून सहावे. क, ख, ग, घ, ङ, च असे बोटांवर मोजले की च येतो. त्याला 'वक्त्र' जोडायचे, म्हणजे आ. झाले 'चा'. पुढे सूर्य म्हणजे म, 'अवामश्रोत्र' म्हणजे डावा नव्हे तो कान, अर्थात उजवा, त्याचा स्वर उ. बिंदू देऊन 'मुं'. 'टात्तृतीयकः' म्हणजे ट पासून तिसरा ड, नारायण म्हणजे आ, म्हणून 'डा'. वायू म्हणजे य, अधर म्हणजे ऐ, म्हणून 'यै'. 'विच्चे' तेवढे जसेच्या तसे ठेवले आहे.

तोंड म्हणजे आ, उजवा कान म्हणजे उ, खालचा ओठ म्हणजे ऐ ही समीकरणे मनाने लावलेली नाहीत. ती मातृकान्यासातून आली आहेत. न्यासात वर्णमालेतले एकेक अक्षर शरीराच्या एकेका अवयवावर ठेवतात: अ मस्तकावर, आ मुखावर, इ आणि ई उजव्या-डाव्या डोळ्यांवर, उ आणि ऊ कानांवर, पुढे नाकपुड्या, गाल, ओठ, दात. ज्याने रोज हा न्यास केला आहे त्याच्या अंगावरच कोश लिहिलेला असतो. त्याला श्लोक ऐकताच अक्षर दिसते. ज्याने केलेला नाही त्याला फक्त कान आणि ओठ ऐकू येतात. लपवण्याची खरी जागा ही आहे. श्लोक सर्वांना खुला, पण त्याची वाट दीक्षा आणि नित्यकर्म यांतून जाते.

या रीतीचा आणखी एक व्यावहारिक फायदा आहे, तो क्वचितच सांगितला जातो. 'ह्रीं' असे एकच अक्षर पोथीत लिहिले तर लेखनिकाच्या हातून त्याचे 'ह्रों' किंवा 'हीं' व्हायला वेळ लागत नाही. 'वियत्', 'वीतिहोत्र' हे शब्द छंदात बसवलेले असतात. एक बदलला तर चाल अडखळते आणि चूक पकडली जाते.

तरीही सगळे उद्धार एकाच उत्तराला पोचत नाहीत. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या सौंदर्यलहरीतला ३२ वा श्लोक 'शिवः शक्तिः कामः क्षितिः' असा सुरू होतो आणि त्यात श्रीविद्येचा, म्हणजे ललितादेवीच्या उपासनेचा, पंधरा अक्षरी मंत्र आहे, यावर टीकाकारांचे एकमत आहे. पण पहिल्या चार शब्दांतून काही जण क, ए, ई, ल काढतात, तर काही ह, स, क, ल. पहिल्यांची परंपरा कादी, दुसऱ्यांची हादी. म्हणजे श्लोक तोच, शब्द तेच, मंत्र दोन. त्यामुळे 'मी स्वतः शोधून काढला' असे म्हणणाऱ्या साधकाकडे परंपरेचे लोक संशयाने पाहतात, ते उगीच नाही.

उद्धारापेक्षा सोपा प्रकार आद्याक्षरांचा. शिवपंचाक्षर स्तोत्राचे पाच श्लोक न, म, शि, व, य या अक्षरांनी सुरू होतात, आणि प्रत्येक श्लोकाच्या शेवटी ते अक्षर सांगितलेलेही आहे. ललितात्रिशतीत पंचदशीच्या, म्हणजे वरच्याच श्रीविद्यामंत्राच्या, पंधरा अक्षरांवरून प्रत्येकी वीस अशी ३०० नावे रचली आहेत. मराठीतही ही हौस उतरली: वासुदेवानंद सरस्वती (टेंबे स्वामी) यांच्या सप्तशती गुरुचरित्रात ओव्यांचे तिसरे अक्षर क्रमाने वाचत गेले की गीतेचा पंधरावा अध्याय मिळतो. हे बीज नव्हे, पण दडवण्याची कला तीच.

परळी वैजनाथ, औंढा नागनाथ आणि वेरूळचे घृष्णेश्वर या मराठवाड्यातल्या तीन ज्योतिर्लिंगांवर रुद्राभिषेकाच्या वेळी जे रुद्र म्हटले जाते, त्याच्या पोटात 'नमः शिवाय च शिवतराय च' हे शब्द येतात. माध्यंदिन शाखेच्या वाजसनेयी संहितेत ते १६ व्या अध्यायाच्या ४१ व्या मंत्रात आहेत, तैत्तिरीय संहितेत रुद्राच्या आठव्या अनुवाकात. पंचाक्षरी मंत्राचे मूळ शैव येथे पाहतात. एका एकादशणीत रुद्राची अकरा आवर्तने होतात, लघुरुद्रात १२१, महारुद्रात १,३३१. तेवढ्या वेळा पंचाक्षरी कानांवरून जाते आणि यजमानाचे लक्ष बहुधा धारेकडे असते.

नेहमी होणारा एक घोटाळा येथे नोंदवायला हवा. पाठ सुरू करताना पळीभर पाणी ताम्हणात सोडून जो विनियोग म्हणतात, त्यात ऋषी, छंद, देवता यांबरोबर बीज, शक्ती आणि कीलक (खीळ) सांगितलेले असते. हे बीज एकाक्षरीच असेल असे नाही. विष्णुसहस्रनामात 'अमृतांशूद्भवो भानुः' हे बीज आहे, गीतेच्या न्यासात 'अशोच्यानन्वशोचस्त्वम्' हा अख्खा चरण बीज आहे. रामरक्षेच्या प्रचलित विनियोगात सीता शक्ती आणि हनुमान कीलक असले तरी बीजाचा उल्लेखच नाही. म्हणून रामरक्षेत 'रां' कुठे लपले आहे असे शोधत बसणाऱ्याला ते जवळजवळ प्रत्येक ओळीत सापडते, आणि त्यातून सिद्ध काहीच होत नाही. उद्धार खरा मानायचा तर श्लोकात बीज, मनु (म्हणजे मंत्रच), वर्ण, मंत्र असा एखादा निर्देश हवा, अक्षरे ठरलेल्या संकेतांतून क्रमाने यायला हवीत आणि एकही शब्द वाया जाता कामा नये.

शारदीय नवरात्रात तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका आणि अंबाजोगाईची योगेश्वरी या तिन्ही ठिकाणी आणि गावोगावच्या घरांत दुर्गासप्तशतीचे पाठ बसतात. तेरा अध्यायांच्या या ग्रंथावर भास्कररायांनी जी टीका लिहिली तिचे नावच 'गुप्तवती'. पाठाच्या आधी शापोद्धार (मंत्रावरचा शाप उतरवणे) आणि उत्कीलन (त्याची खीळ काढणे) करण्याची चाल आहे, म्हणजे कुलूपही परंपरेनेच लावले आणि किल्लीही तिनेच ठेवली. याशिवाय बीजात्मक सप्तशती नावाचा एक स्वतंत्र पाठ प्रचारात आहे. त्यात एकेका श्लोकाच्या जागी एकेक बीज येते. ती बीजे श्लोकातून वर काढलेली नाहीत, श्लोकाऐवजी ठेवलेली आहेत. या दोन गोष्टींत गल्लत होऊ नये. पाठ चालू असताना शेजारी घटाभोवतीच्या काळ्या मातीत धान्य उगवत असते, आणि दसऱ्याला तेच कोंब टोपीत खोवून लोक सोने वाटायला निघतात.

मराठी जिभेची एक अडचणही या विषयात शिरते. संस्कृतातला ह्रास आपण ऱ्हास म्हणतो, ह्रस्व ऱ्हस्व म्हणतो. त्याच सवयीने ह्रीं पुष्कळदा 'ऱ्हीं' होते. ह आधी आणि र नंतर हा क्रम उलटला की वियत् आणि वीतिहोत्र यांची जागाही उलटते, म्हणून जुन्या वळणाचे गुरुजी या एका अक्षरावर शिष्याला पुन्हा पुन्हा थांबवतात.

वारकऱ्यांनी ही सगळी गुंतवळ बाजूला ठेवली. पैठणजवळचे आपेगाव ज्यांचे जन्मस्थान मानले जाते त्या ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या आरंभीच प्रणव म्हणजे ॐ उलगडून दाखवला आहे. अकार गणेशाचे पाय, उकार पोट, मकार मस्तक. आणि हे तिन्ही एकवटले ते 'आदिबीज'. रीत उद्धाराचीच, अवयव आणि अक्षर यांची जोडही तीच. फक्त ती मराठीत आहे आणि ऐकायला बसलेल्या कुणाकडेही दीक्षा मागितलेली नाही.