साहेबांशी बिनसलं की मॅट: नागपूरच्या सरकारी तंट्यांची पार्श्वभूमी

नागपूरच्या सरकारी कार्यालयांतल्या भांडणांचं मूळ शोधायचं तर 1956 पर्यंत मागे जावं लागतं. तोवर हे शहर मध्य प्रदेशची राजधानी होतं. 1 नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि कर्मचाऱ्यांची वाटणी झाली. इथलं कोणतं पद तिथल्या कोणत्या पदाच्या बरोबरीचं, ज्येष्ठता यादीत कोण वर, यावरून तंटे पेटले. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 115 नुसार केंद्राच्या पूर्वमंजुरीशिवाय सेवाशर्ती कर्मचाऱ्याच्या तोट्याच्या करता येत नव्हत्या, त्यामुळे वाद साहेबांच्या केबिनमध्ये मिटण्यासारखा उरलाच नाही.

पुढे 1979 चे शिस्त व अपील नियम आले. कारणे दाखवा नोटीस, दोषारोपपत्र, विभागीय चौकशी ही वाट ठरली. पण ती लांबची. साहेबांच्या हातातलं खरं हत्यार म्हणजे हाताखालच्याच्या कामावर दरवर्षी शेरा लिहायचा गोपनीय अहवाल, म्हणजेच सीआर. प्रतिकूल शेरे कळवायचे, एवढा रिवाज होता. पण बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ लागत असताना नुसता ‘चांगला’ शेरा पडला, तर तो प्रतिकूल मानतच नसत आणि कळवतही नसत. देवदत्त प्रकरणात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने हे चुकीचं ठरवलं: प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवायलाच हवा. माझ्या मते कायद्यातल्या इतर कोणत्याही बदलापेक्षा या निकालाने साहेब आणि हाताखालच्यांमधलं नातं जास्त हलवलं.

दाद मागायची जागा त्याआधीच बदलली होती. सरकारी कर्मचाऱ्यांचे नोकरीविषयक तंटे ऐकणारं महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट, 1991 साली सुरू झालं. नागपूरला त्याचं खंडपीठ मिळालं. सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या चंद्रकुमार निकालानंतर मॅटच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयातही जाता येऊ लागलं.

उरली बदली. न पटणाऱ्याला गडचिरोलीला धाडायचं, ही विदर्भातली जुनी रीत. (तिथल्या लोकांनी काय घोडं मारलं होतं, हे कुणी विचारलं नाही.) 2005 च्या बदली कायद्याने साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ ठरवला, बदल्या एप्रिल-मेमध्ये घातल्या आणि अवेळी बदलीसाठी लेखी कारणं व वरिष्ठांची पूर्वमान्यता सक्तीची केली. मॅटमध्ये मुदतपूर्व बदलीला आव्हान देताना याच तरतुदी पुढे केल्या जातात. त्याच कायद्याचं कलम 10 म्हणतं की फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवायची नाही, मुद्दाम अडवली तर शिस्तभंगाची कारवाई. ते कलम मात्र टेबलावर कुणी काढत नाही.