जुना ४८६, त्याची बॅटरी आणि त्याचा वेग

माळ्यावर वीस-पंचवीस वर्षे पडून राहिलेला संगणक खाली उतरवला की प्लग लावून बटण दाबण्याचा मोह होतो, आणि नेमकी तीच गोष्ट करू नये. १९९० च्या दशकाच्या मध्यावर आपल्याकडच्या कार्यालयांत, संगणकाच्या क्लासमध्ये आणि मोजक्या घरांत आलेली बरीचशी यंत्रे इंटेलच्या ८०४८६ प्रोसेसरवर चालत. हा प्रोसेसर १९८९ साली आला. त्यात सुमारे १२ लाख ट्रान्झिस्टर होते. १९९२ साली आलेली त्याची डीएक्स२-६६ ही आवृत्ती बाहेरच्या जगाशी ३३ मेगाहर्ट्झने बोलत असे आणि स्वतःच्या पोटात मात्र त्याच्या दुप्पट वेगाने काम करत असे. डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरच्या जुन्या खेळांसाठी एकच यंत्र ठेवायचे असेल तर माझी पसंती यालाच आहे, कारण १९८९ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आणि १९९३ चा ‘डूम’ हे दोन्ही खेळ त्यावर नीट चालतात.

झाकण उघडल्यावर सर्वांत आधी मदरबोर्डच्या कडेला, बहुधा कीबोर्डच्या गोल सॉकेटाजवळ, अंगठ्याच्या पेराएवढे एक नळकांडे शोधावे. त्यात प्रत्येकी १.२ व्होल्टचे तीन निकेल-कॅडमियम सेल एकावर एक रचलेले असतात. यंत्र बंद असताना तारीख, वेळ आणि हार्ड डिस्कची मापे लक्षात ठेवणाऱ्या सीमॉस चिपला हे ३.६ व्होल्ट जिवंत ठेवत. सेलच्या आत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे तीव्र द्रावण असते. वर्षानुवर्षे पडून राहिल्यावर सेलची सील हार मानते आणि हा क्षार बॅटरीच्या पायांवरून सरकत बोर्डावर उतरतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याची पांढरी पूड होते, तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट-निळे थर चढतात, आणि हिरव्या लाखेखालून ही झीज इंचाइंचाने पुढे जात राहते. त्यातच हे क्षार हवेतला ओलावा शोषून घेतात, त्यामुळे मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात ते कधी पुरते वाळत नाहीत आणि दरवर्षी चार महिने त्यांचे काम नव्या जोमाने चालू राहते. बंद पडलेल्या ४८६ मध्ये प्रोसेसर जळालेला असणे फार विरळा. कीबोर्डच्या चिपकडे जाणारी केसाएवढी पट्टी खाल्ली गेलेली असणे मात्र नेहमीचे.

हातमोजे घालून ही बॅटरी कातरून काढावी. कॅडमियम विषारी असल्यामुळे ती घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावी. मग जुन्या टूथब्रशने पांढरे व्हिनेगर लावावे. व्हिनेगरमधले आम्ल अल्कलीला निष्प्रभ करते. कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटताना बारीक फेस येतो. तो थांबला की बोर्ड डिस्टिल्ड वॉटरने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन एक-दोन दिवस पूर्ण वाळू द्यावा. यानंतरचे काम संयमाचे आहे. काळवंडलेल्या प्रत्येक पट्टीच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावून ती सलग आहे की नाही हे तपासायचे, आणि जी तुटली असेल तिच्या जागी इनॅमल चढवलेली बारीक तांब्याची तार डाग देऊन जोडायची. या एका कामाला आठवडा लागला तरी लागू द्यावा, कारण इथे केलेली घाई पुढे प्रत्येक पायरीवर गूढ बिघाड बनून उभी राहते.

नवी बॅटरी म्हणून घड्याळवाल्याकडे मिळणारा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल चालतो, पण तो थेट जुन्याच्या जागी जोडू नये. मूळ बॅटरी पुन्हा चार्ज होणारी होती, म्हणून यंत्र चालू असताना बोर्ड तिच्याकडे विद्युतप्रवाह पाठवतो. लिथियमच्या या सेलला तो सोसत नाही आणि सेल फुटू शकतो. मध्ये एक शॉट्की डायोड जोडला की प्रवाह सेलकडून बोर्डाकडेच जातो, उलटा नाही. डायोडवर थोडासा व्होल्टेज खर्च होतो, तरी उरलेल्यावर सीमॉस चिपचे बहुधा भागते.

दुसरी जोखीम वीजपुरवठ्याच्या डब्यात असते. त्यातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कंडेन्सरमधला द्रव हळूहळू वाळतो, अंतर्गत रोध वाढतो आणि ५ व्होल्टच्या सरळ रेषेवर लाटा उमटू लागतात. यंत्र अधूनमधून कारणाशिवाय अडकते, ते यामुळेच. या जुन्या एटी पद्धतीच्या डब्याविषयी दोन गोष्टी सर्वांनी ध्यानात ठेवायला हव्यात. पहिली अशी की समोरच्या बटणापर्यंत आलेल्या जाड तारेतून थेट घरातली २३० व्होल्टची वीज वाहत असते, त्यामुळे बटणाच्या टोकांवरचे प्लास्टिकचे आवरण तडकले असेल तर ते आधी बदलावे. दुसरी अशी की मदरबोर्डला जाणारे दोन सारखे दिसणारे जोड लावताना दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून यायला हव्यात. उलटे लावले तर बोर्ड कायमचा जातो.

साठवणुकीचा भाग तुलनेने सोपा आहे. त्या काळची हार्ड डिस्क सुरू झाली तरी तिच्यावर विसंबून राहू नये. तिच्यातला मजकूर आधी उतरवून घ्यावा आणि तिच्या जागी कॅमेऱ्यात वापरले जाणारे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवावे. हे कार्ड जुन्या आयडीई हार्ड डिस्कचीच भाषा बोलते, त्यामुळे मधला अडॅप्टर म्हणजे केवळ तारांची जुळणी असते. मात्र आकाराची मर्यादा इथे आडवी येते. त्या काळच्या बायोसला, म्हणजे यंत्र सुरू होताना चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामला, जास्तीत जास्त १०२४ सिलिंडर (डिस्कवरची वर्तुळे), १६ हेड (वाचणारी टोके) आणि ६३ सेक्टर (वर्तुळाचे तुकडे) मोजता येत. प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा धरला की गुणाकार ५२,८४,८२,३०४ बाइट येतो. ५१२ मेगाबाइटचे छोटे कार्ड या हिशेबात साधारणपणे बसते, आणि त्यावर त्या काळचे कितीतरी खेळ मावतात.

मदरबोर्डच्या खाचांतली जोडकार्डे उपसताना एक गोष्ट जाता जाता सांगतो. यंत्र एखाद्या छापखान्यातून किंवा सरकारी कचेरीतून आले असेल तर त्यात पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचे जिस्ट कार्ड सापडू शकते. डॉसच्या साध्या पडद्यावर देवनागरी आणि इतर भारतीय लिप्या दाखवणारे हे कार्ड खेळांना निरुपयोगी असले, तरी मराठी संगणकाच्या इतिहासाचा तो एक खरा तुकडा आहे. ते भंगारात जाऊ देऊ नये.

आता वेगाविषयी, कारण या छंदातला सर्वांत विचार करायला लावणारा प्रश्न तोच आहे. १९८१ चा मूळ आयबीएम पीसी ४.७७ मेगाहर्ट्झवर चाले. हा विचित्र आकडा अमेरिकेच्या रंगीत टेलिव्हिजनमधून आला: तिथल्या रंगसंकेताच्या चौपट, म्हणजे १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक घेऊन त्याला ३ ने भागले की ४.७७ मिळतात, आणि १२ ने भागले की १.१९३ मेगाहर्ट्झ. या दुसऱ्या आकड्यावर संगणकातला टायमर चाले आणि ६५,५३६ ठोके मोजून झाले की एक टिक देई, म्हणजे सेकंदाला सुमारे १८.२ टिक, दर ५५ मिलिसेकंदांना एक. सुरुवातीच्या अनेक खेळांनी मात्र हा टायमर वापरलाच नाही. सगळी यंत्रे एकाच वेगाची असल्यामुळे रिकामी आवर्तने फिरवून वेळ काढणे प्रोग्रामरना पुरेसे वाटले. पुढे प्रोसेसर वेगवान झाले आणि तेच खेळ डोळ्यांनी टिपता येणार नाहीत इतके पळू लागले. डब्यावरचे टर्बो बटण त्यासाठी होते. ते यंत्राचा वेग कमी करण्याच्या कामी येई. शेजारी लुकलुकणारा ६६ हा आकडा काहीही मोजत नाही, तो आतल्या जंपरनी (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्यांनी) कायमचा ठरवून दिलेला असतो.

टर्बो पास्कल या प्रोग्रामिंगच्या साधनात लिहिलेल्या अनेक प्रोग्रामांची गोष्ट याहून बोलकी आहे. सुरू होताना ते एका टिकच्या काळात किती आवर्तने होतात हे मोजत आणि त्या संख्येला ५५ ने भागून एका मिलिसेकंदाचा हिशेब काढत. उत्तर १६ बिटांत, म्हणजे ६५,५३५ च्या आत, मावेल असे गृहीत धरलेले होते. पेंटियम टू च्या वर्गातल्या यंत्रांवर ते मावेनासे झाले, आणि प्रोसेसरने शून्याने भागल्यावर देतो तीच त्रुटी देऊन प्रोग्राम बंद पाडला. प्रोग्रामात एक अक्षरही बदलले नव्हते. ४८६ वर ही अडचण येत नाही. आणि फारच जुना खेळ असेल तर बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरमधली ८ किलोबाइटची कॅश (वेगवान तात्पुरती स्मृती) बंद करावी, म्हणजे हेच यंत्र आधीच्या पिढीच्या ३८६ च्या पातळीवर किंवा त्याच्याही खाली उतरते.

पडद्याच्या बाबतीतही तोच न्याय लागू होतो. व्हीजीए या त्या काळच्या पडद्याच्या मानकाचा खेळांसाठी गाजलेला प्रकार ३२० गुणिले २०० ठिपक्यांचा आणि एका वेळी २५६ रंगांचा होता. ही ६४,००० बाइटची चौकट ४:३ प्रमाणाच्या काचेवर पसरली जाई, त्यामुळे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा १.२ पट उंच दिसे. चित्रकारांनी चित्रे याच मापाने काढली. सपाट एलसीडी पडद्यावर ती दबलेली किंवा अंधूक दिसण्याचे कारण असे की तो पडदा हा संकेत ७२० गुणिले ४०० चा मजकुराचा पडदा समजून वाचतो. जुना ट्यूबचा मॉनिटर मिळाला तर जरूर घ्यावा, पण तो स्वतः उघडू नये. त्याच्या आत २० हजार व्होल्टांच्या वरचा दाब असतो आणि बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहतो.

राहिला प्रश्न प्रोसेसर बदलण्याचा. एएमडीचा १३३ मेगाहर्ट्झचा ५एक्स८६ याच सॉकेटात बसतो, मात्र त्याला ५ ऐवजी ३.४५ व्होल्ट लागतात आणि बोर्डावर तशी सोय नसेल तर व्होल्टेज उतरवणारा अडॅप्टर घ्यावा लागतो. त्याने ‘डूम’ अधिक सुरळीत होतो हे खरे. पण ‘डूम’ सेकंदाला ३५ चौकटींच्या वर जातच नाही, आणि त्यासाठी प्रोसेसरइतकाच उपयोग ग्राफिक्स कार्डाचा होतो: ८ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या जुन्या आयसा खाचेऐवजी ते ३३ मेगाहर्ट्झच्या व्हेसा लोकल बस खाचेत असले की चौकटी पडद्यापर्यंत वेळेत पोहोचतात. म्हणून मी आधी तसे कार्ड शोधेन. १९९६ च्या ‘क्वेक’चे गणित पेंटियममधल्या, दशांश अपूर्णांकांची गणिते करणाऱ्या भागावर बेतलेले आहे, त्यासाठी ४८६ ला कितीही ताणले तरी तो पुरा पडत नाही, त्याच्यासाठी वेगळे पेंटियम यंत्रच हवे.