शाळेतून आल्यावर खायला काय? या प्रश्नामागची पार्श्वभूमी

शाळा सुटली की पोरांना कडकडून भूक लागते हे काही आजचं नाही, पण त्या भुकेला स्वस्त आणि पौष्टिक असं काय द्यायचं हा प्रश्न मात्र आपल्याकडे बराच नवीन आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या खात्यापित्या घरांत तो पडायचाच नाही, कारण डब्यात लाह्या, चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ यातलं काहीतरी असायचंच, नाहीतर सकाळची पोळी-भाकरी उरलेली असायची. हे सगळं मागे पडून बिस्किट-वेफर्सचे पुडे कसे आले ते नीट बघायला हवं, कारण ते न बघता जो तो उठून आयांना नावं ठेवतो आणि मला त्याचा खरंच राग येतो.

आधी भट्टीबद्दल, कारण मधल्या वेळच्या खाण्याचा मोठा भाग तिथून यायचा. पेठेत, बाजारगावात भडभुंज्याची भट्टी असायची, लोक घरचंच धान्य घेऊन जायचे, ज्वारी, हरभरा, मका, आणि थोडे पैसे नाहीतर त्यातलंच थोडं धान्य देऊन भाजून आणायचे. ज्वारीला पाण्याचा हबका मारून मुरवत ठेवायची आणि मग तापलेल्या वाळूत टाकायची, दाण्याच्या आतल्या पाण्याची वाफ होते, दाणा फुटतो आणि लाही होते. हरभरा भिजवून, मीठ-हळद लावून भाजला की फुटाणे, आणि साल काढलं की डाळं. या सगळ्यात तेलाचा एक थेंब नाही. शंभर ग्रॅम फुटाण्यांत वीस ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, शेंगदाण्यांत पंचवीसच्या आसपास. तेव्हा घरात कुणी ग्रॅम मोजत नव्हतं, पण मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा खाल्ला की पोरगं रात्रीच्या जेवणापर्यंत खेळत राहायचं हे सगळ्यांना माहीत होतं.

दुसरं म्हणजे उरलेलं अन्न. फोडणीची पोळी, पोळी कुस्करून गूळ-तूप घालून केलेला लाडू, भाकरीवर तेल-तिखट नाहीतर शेंगदाण्याची चटणी, ताकात कुस्करलेली भाकरी. प्रत्येक भागाचं वेगळं होतं, कोकणात नाचणीची भाकरी (नाचणीत शंभर ग्रॅममागे तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, वाढत्या मुलांना यापेक्षा स्वस्त काय मिळणार) नाहीतर पोह्यांत ओला नारळ आणि गूळ, सांगली-कोल्हापूरकडे भडंग, विदर्भात सातूचं पीठ गूळ-पाण्यात कालवून. शाळेच्या बाहेर बोरं, चिंचा, आवळे, पेरूच्या फोडी. फळ म्हणजे सफरचंद असा समज तेव्हा नव्हता.

पण हे सगळ्यांच्या घरी होतं असं चित्र रंगवणं चूक आहे. भूमिहीन मजुराच्या घरात भाकरी उरतच नसे, तिथं मधल्या वेळचं खाणं म्हणजे पाणी. 1972 च्या दुष्काळाने तर भरलेली घरंही रिकामी केली, लोकांनी अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली आणि रोजगार हमीच्या कामांवर सुकडी नावाचा कोरडा पौष्टिक खाऊ वाटला गेला. त्या पिढीतले लोक सुकडीची चव अजून सांगतात. पुढे रेशनवर गहू आणि तांदूळ स्वस्तात मिळायला लागले, ते गरजेचंच होतं, पण त्यात ज्वारी-बाजरी-नाचणी मागे पडली, पेराही कमी होत गेला. घरात ज्वारीचं पोतंच नसेल तर लाह्या भाजायला काय नेणार? भट्ट्या हळूहळू बंद झाल्या आणि शहरातल्या खूप घरांत लाह्या नागपंचमीपुरत्या राहिल्या.

बिस्किट त्याआधीपासून होतं. पार्ले कंपनी 1929 ची, विलेपार्ल्याची, बिस्किटं 1939 पासून. ग्लुकोज हा शब्द डॉक्टरी वाटायचा, ताकदीचा वाटायचा, त्यामुळे आजारी माणसाला आणि लहान मुलाला बिस्किट देणं म्हणजे चांगलं काहीतरी देणं असं डोक्यात बसलं. प्रत्यक्षात अशा बिस्किटात जवळपास पाव भाग साखर आणि उरलेला बराचसा मैदा असतो. 1965 मध्ये केंद्र सरकारने मॉडर्न बेकरीज काढली, पाकीटबंद ब्रेड हळूहळू घराघरात पोचला आणि ब्रेड-जॅम हा शाळेतून आल्यावरचा खाऊ झाला. मग 1983 ला मॅगी. तिच्या जाहिराती बघितल्या तर बरोब्बर याच वेळेवर नेम होता, पोरं भुकेली घरी येतात आणि आई म्हणते दोनच मिनिटं. नव्वदीत वेफर्सचे मोठे ब्रँड आले, 1999 ला कुरकुरे, आणि पाच रुपयांचा पुडा पार वाडी-वस्तीवरच्या दुकानात लटकायला लागला. महागाई वाढली तरी बरीच वर्षं किंमत तीच, आतलं वजन तेवढं कमी होत गेलं. पाचचं नाणं दिलं की पोरगं स्वतः जाऊन आणतं, कुणाला उठावं लागत नाही.

आणि मला वाटतं खरं कारण इथंच आहे. लाह्या-फुटाणे स्वस्त होते, पण फोडणीची पोळी, थालीपीठ, उपीट हे स्वस्त पडायचं ते चार वाजता घरात आई, आजी, काकू असायची म्हणून, आणि तिच्या कष्टाचे पैसे कुणीच धरले नाहीत. एकत्र कुटुंबं सुटली, बाई नोकरीला, कारखान्यात, दुसऱ्यांच्या घरी कामाला जायला लागली, आणि चार वाजताचं ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी उचललंच नाही. ती रिकामी जागा पुड्याने भरली.

सरकारचं लक्ष शाळेच्या आतल्या जेवणाकडे राहिलं. 15 ऑगस्ट 1995 ला देशभर माध्यान्ह भोजन योजना सुरू झाली पण बऱ्याच राज्यांत, आपल्याकडेही, महिन्याला तीन किलो तांदूळ घरी दिला जायचा. 28 नोव्हेंबर 2001 ला सुप्रीम कोर्टाने शिजवलेलं अन्नच द्या असा आदेश दिला आणि मग शाळाशाळांत खिचडी शिजायला लागली, 2006 पासून पहिली ते पाचवीला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रोटीन हा हिशोब. 2007 च्या सुमाराला बिस्किट उत्पादकांच्या संघटनेने खासदारांना पत्रं लिहून शिजवलेल्या जेवणाऐवजी बिस्किटांचे पुडे द्या अशी मागणी रेटली होती, काही खासदारांनी ती पुढेही नेली, पण केंद्राच्या शिक्षण खात्याने ती मान्य केली नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, तेव्हा ते झालं असतं तर लाखो मुलांचं दिवसातलं एकमेव गरम जेवण गेलं असतं.

नंतरचं थोडक्यात. 2015 मध्ये शिसं (विषारी धातू) जास्त असल्याच्या आरोपावरून मॅगीवर बंदी आली आणि मुंबई हायकोर्टाने ती काही आठवड्यांत उठवली. मे 2017 ला महाराष्ट्र सरकारने शाळेच्या कँटीनमधून जंक फूड बंद करायचा जीआर काढला, 2020 च्या केंद्राच्या नियमांनी जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ शाळेत आणि शाळेच्या गेटपासून 50 मीटरच्या आत विकायला मनाई केली. नियम चांगलेच आहेत, पण मूल एक्कावन्नाव्या मीटरला दुकानात थांबतं.

म्हणून पुडा स्वस्त पडतो हे म्हणणंही एकदा तपासून बघा. शेंगदाणे दीडशे रुपये किलो धरले तर तीस ग्रॅम, म्हणजे लहान मुलाची भरगच्च मूठ, साडेचार रुपयांना पडते आणि त्यात सातेक ग्रॅम प्रोटीन मिळतं. पाच रुपयांच्या वेफर्सच्या पुड्याचं वजन बऱ्याचदा वीस ग्रॅमही नसतं आणि त्यातला जवळपास तिसरा हिस्सा तेल. फुटाणे, चुरमुरे तर वाण्याकडे आजही तयार मिळतात. शेंगदाणे भाजून, चुरमुऱ्याला लसणाची फोडणी देऊन डबे भरून ठेवायला रविवारचा अर्धा तास पुरतो, आणि हे काम घरातल्या बाबालाही येतं.