जुन्या इंद्रजालला हात लावावा का?

माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली तेव्हा आधी वास आला. गोडसर, किंचित आंबट, थोडा व्हॅनिलासारखा. मग गठ्ठा दिसला: थोरल्या मामाने शाळेत असताना जमवलेले मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे अंक, सुतळीने करकचून बांधलेले. वरच्या अंकावर वेताळ घोड्यावर स्वार. आतलं एक पान उलटलं आणि त्याचा कोपरा पापडासारखा मोडून माझ्या बोटांत राहिला.

घरात लगेच सल्ले सुरू झाले. एकजण म्हणाला लॅमिनेट कर. दुसऱ्याने बुकबाइंडरचं नाव सुचवलं. जुनी कॉमिक्स जमवणारा एक मित्र म्हणाला, चांगल्या माणसाकडून रिस्टोर करून घे, नव्यासारखी होतील. मला मात्र त्या ‘नव्यासारखी’ शब्दाचीच धास्ती वाटली, आणि कागदाचं रसायन थोडं समजून घेतल्यावर ती वाढली.

सुरुवात त्या वासापासून करू. झाडाच्या लाकडात सेल्युलोजचे तंतू असतात आणि त्यांना एकमेकांशी घट्ट धरून ठेवणारं लिग्निन असतं. पूर्वी कागद सुती चिंध्यांपासून होई, त्यात लिग्निन जवळजवळ नसे. १८४४ च्या सुमारास जर्मनीत फ्रीडरिक केलर यांनी लाकूड दगडावर घासून लगदा करण्याची युक्ती काढली. त्यातून पुढे स्वस्त वर्तमानपत्री कागद आला आणि लाकडातलं लिग्निन जसंच्या तसं त्यात उतरलं. उजेड आणि हवा लागली की लिग्निन बदलतं, कागद पिवळा, मग तपकिरी होतो. ते तुटताना जे वायू बाहेर पडतात त्यांत व्हॅनिलाला वास देणारं व्हॅनिलिनही असतं. ट्रंक उघडल्यावर आपण डोळे मिटून ज्या वासाने लहानपणात जातो, तो कागद झिजत असल्याचा वास असतो.

कोपरा मोडण्याचं कारण मात्र वेगळं. शाई फुटू नये म्हणून कागदाच्या लगद्यात राळ आणि तुरटीसारखं ॲल्युमिनियमचं क्षार घालत. दमट हवेत त्या क्षारातून आम्ल तयार होतं. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ. आम्ल आणि पाणी मिळून ही माळ मध्ये कुठेही तोडतात. एकेक तुकडा आखूड होत जातो, तंतूंची ताकद जाते आणि वाकवलेलं पान सुटून येतं. शिवाय तुटण्याच्या या प्रक्रियेतून नवी आम्लं जन्मतात, म्हणजे रोग स्वतःच स्वतःला पोसतो. तापमान दहा अंशांनी वाढलं तर ही झीज साधारण दुपटीने वाढते, असा ढोबळ नियम धरतात. पत्र्याच्या छपराखालचा माळा म्हणजे कागदासाठी भट्टीच.

इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन संस्थेने मार्च १९६४ मध्ये सुरू केली आणि १९९० पर्यंत चालवली. अमेरिकी लेखक ली फॉक यांचा मुखवटाधारी नायक फँटम मराठीत वेताळ होऊन आला आणि पिढ्यांच्या तोंडी बसला. हे अंक साठ वर्षं टिकावेत असा विचार छापताना कुणी केला नव्हता. पोरांनी वाचावेत, अदलाबदल करावी, मग रद्दीवाल्याकडे जावेत, एवढंच त्यांचं आयुष्य ठरलेलं.

म्हणून रिस्टोर करायचं की नाही याआधीचा प्रश्न असा: या अंकाला झालंय काय? डॉक्टरही आधी नाडी बघतो. मी सगळे अंक चादरीवर पसरले आणि प्रत्येकाकडे नीट पाहिलं.

बहुतेकांना नुसतं म्हातारपण होतं. पानं पिवळी, कडा जास्त तपकिरी, काही ठिकाणी कसरीने कुरतडलेलं. यावर उपाय म्हणून लोक निराम्लीकरणाचं नाव घेतात. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमच्या अल्कधर्मी द्रावणात पान बुडवतात, आम्ल नाहीसं होतं आणि पुढे तयार होणारं आम्ल शोषण्यासाठी थोडा अल्काचा साठा कागदात उरतो. यामुळे पुढची झीज मंदावते. पण तुटलेली माळ पुन्हा जोडली जात नाही, ठिसूळ पान लवचीक होत नाही. त्यात पाण्यात बुडवायचं म्हणजे पिना काढून अंक सुटा करायचा, प्रत्येक रंगावर आधी थेंब टाकून शाई फुटते का ते पाहायचं. एका अंकासाठी ही केवढी मेहनत! बाजारात सहज मिळणाऱ्या अंकासाठी मी ती करणार नाही.

दोन अंकांची गोष्ट मात्र निराळी होती. त्यांना जखमा होत्या. एकाच्या कण्यावर मामाने कधीतरी सेलोटेप लावला होता. पट्टी केव्हाच सुटून गेली होती, मागे उरला होता चिकट, मधासारखा तपकिरी पट्टा. टेपचा डिंक हळूहळू कागदात मुरतो, हवेतल्या ऑक्सिजनने त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि मग तो कुठल्याच द्रावकात नीट विरघळत नाही. सुरुवातीच्या काळात तो सहज निघतो, पुढे जवळपास निघतच नाही. जुन्या कॉमिक्सच्या बाबतीत उशीर खरोखर महाग पडतो तो इथेच. दुसऱ्या अंकाच्या दोन्ही पिना गंजल्या होत्या, भोवती तांबूस वर्तुळं पसरली होती. लोहाचे कण सेल्युलोजचं ऑक्सिडीकरण भरभर घडवतात, म्हणून पिनेजवळचं पान आधी फाटतं. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात हे व्हायचंच.

हे दोन अंक मी कागद-संवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या एका बाईंकडे नेले. त्यांनी पाहताक्षणी विचारलं, “सुंदर करायचेत की टिकवायचेत?” मी म्हटलं, टिकवायचेत. त्यांनी मान डोलावली.

हा फरक अमेरिकेतल्या संग्राहकांनी पैसे मोजून शिकून घेतला. तिथे सुपरमॅन पहिल्यांदा आला तो ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक १९३८ सालचा, किंमत १० सेंट. २०१४ मध्ये त्याची एक उत्तम प्रत सुमारे ३२ लाख डॉलरला गेली. एवढी मोठी रक्कम येण्याचं कारण ती प्रत मूळची होती. त्याआधीच्या काळात कॉमिक्स उजळवण्याची लाट होती: उडालेल्या ठिकाणी रंग भरायचा, दुमडलेली कड कापून सरळ करायची, पानं रसायनांनी पांढरी करायची. मग २००० साली सीजीसी ही प्रत तपासून प्रमाणपत्र देणारी कंपनी आली. तिने अशा प्रतींना वेगळं, जांभळं लेबल लावलं आणि तेव्हापासून ते लेबल पाहून खरेदीदार हात आखडता घेतो. नंतर भरलेला रंग अतिनील दिव्याखाली वेगळा चमकतो, नव्या कागदातली पांढरेपणा आणणारी द्रव्यं निळसर झळकतात. लपून काही राहत नाही. कड कापलेली असेल तर तो कागद तर कायमचा गेलेलाच.

लॅमिनेशनबद्दल मला विशेष कळकळ आहे, कारण आपल्याकडे प्रेमाने सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. मोठमोठ्या अभिलेखागारांनीही हा मार्ग एकेकाळी धरला होता. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यात दस्तऐवज गरम दाबाखाली बंद करण्याची पद्धत रूढ केली. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात उष्णतेऐवजी ॲसिटोन वापरून हाताने तेच करण्याची पद्धत विकसित झाली. पुढे लक्षात आलं की कागद आतमध्ये आम्लासह बंद झाला आहे आणि पापुद्रा काढणं फार कठीण आहे. तेव्हापासून संवर्धकांचा कस एकाच प्रश्नावर लागतो: आपण जे करतो ते उद्या कुणाला उलटवता येईल का? दुकानात मिळणारं प्लास्टिकचं लॅमिनेशन तर याच्याही पलीकडे आहे. ते करूच नका, अगदी मुलाच्या चित्रालाही नको.

बाईंनी माझ्या दोन अंकांवर जे केलं ते या प्रश्नाला धरून होतं. पिना मागून हळूच सरळ करून काढल्या आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवला. टेपचा चिकट पट्टा द्रावकाने जितका निघाला तितकाच काढला, डाग पूर्ण घालवण्याचा हट्ट धरला नाही. फाटलेल्या जागी कोझो या तुतीच्या जातीच्या झुडपाच्या तंतूंचा जपानी कागद लावला. तो इतका पातळ की तळहातावर ठेवला तर रेषा दिसतात, पण तंतू लांब असल्याने भारी मजबूत. चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची खळ. पुढेमागे ओलसर केली की ती सुटते.

मुखपृष्ठावर मामाने निळ्या शाईने स्वतःचं नाव आणि ‘कुणी घेऊ नये’ असं लिहिलेलं आहे. फिकं करायचं का, असं त्यांनी एकदा विचारलं. मी नको म्हटलं. किंमत कमी होत असेल तर होऊ दे.

बाकीच्या सगळ्या अंकांना मी फक्त माळ्यावरून खाली आणलं. आता ते आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात आहेत. प्रत्येक अंक पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात. पीव्हीसी नाही, कारण त्यातून आम्लधर्मी वायू सुटतात. पाकिटात प्रत्येकामागे आम्लविरहित कागदाचं आधारपान. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या, महिन्यातून एकदा कसर आहे का ते पाहणं. वाचायला स्कॅन. एका अंकाच्या व्यावसायिक दुरुस्तीत लागतं त्याहून कमी पैशांत अख्खा गठ्ठा सांभाळला गेला.

पहिल्या दिवशी मोडलेला तो कोपरा मी फेकला नव्हता, एका पाकिटात ठेवला होता. बाईंकडे नेला तेव्हा त्या खूश झाल्या. चिमट्याने त्यांनी तो पानाशेजारी ठेवला, भिंगातून तुटलेल्या कडेचे तंतू एकमेकांसमोर आणले, मागून नखाएवढा जपानी कागद लावला आणि वर शोषकागद ठेवून वजन ठेवलं. अर्ध्या तासाने पान उचललं तेव्हा कोपऱ्यातला पान क्रमांकाचा अर्धा ७ उरलेल्या अर्ध्याला जाऊन मिळाला होता. सांधा मात्र अजून दिसतो.