घरी इंजिन उतरवणं आणि बांधणं (नाशिक)

अंगणात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाहीतर मळ्यातल्या शेडमध्ये जुन्या गाडीचं इंजिन खाली घ्यायचं, त्याच्या जागी दुसरं वापरलेलं इंजिन चढवायचं किंवा तेच खोलून नवे पिस्टन, रिंगा, बेअरिंग टाकून परत बांधायचं, या सगळ्याला नाशकात सरसकट 'इंजिन काम' म्हणतात. फिटर लोक त्यातही फरक करतात. नुसते व्हॉल्व घासले, सील बदलले की ते 'हेडचं काम' (हेड म्हणजे इंजिनचा वरचा, व्हॉल्व असलेला भाग), खालचा ब्लॉक केला की 'हाफ इंजिन', वरखाली सगळं केलं की 'फुल इंजिन', पण प्रत्येकाचं हाफ वेगळं असतं म्हणून क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा खालचा दांडा) त्यात धरलाय का हे आधी विचारून घ्यावं.

आणि नाव घरचं असलं तरी हे काम अख्खं घरी होत नाही. पाने-गोट्या घरी चालतात, बोअर (ज्यात पिस्टन वरखाली होतो ते भोक), क्रँक आणि हेड मात्र लेथवरच, म्हणजे मशीनवाल्याच्या दुकानात, न्यावं लागतं. नाशकात हा उद्योग इतका रुजलाय तो याच कारणाने, इथे सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत आयुष्यभर टर्नर-फिटर म्हणून राबलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. महिंद्राच्या गाड्या सातपूरला बनतात, इंजिनं इगतपुरीला, बॉशचा डिझेल इंजेक्टरचा कारखाना इथेच, त्या कंपनीचं नाव २००८ पर्यंत मायको होतं आणि त्र्यंबक रोडवरचा चौक अजून मायको सर्कलच आहे. ओझरला तर विमानं बनतात. त्यामुळे शेजारच्या रिटायर काकांच्या ड्रॉवरमध्ये मायक्रोमीटर निघतो आणि 'दहा थाउ', 'वीस थाउ' (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हे शब्द इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

इंजिन खोलायच्या आधी ते खरंच खोलायची गरज आहे का हे बघायचं, इथेच बरेच जण घाई करतात. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा दाट आणि गोडसर वासाचा म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आत जातंय, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर बहुतेक हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग) गेलेलं असतं, फक्त थंडीत छोट्या छोट्या चकरा मारल्या तरी थोडी साय धरते म्हणून पाणी कमी होतंय का तेही बघायचं. सकाळच्या पहिल्या स्टार्टला निळा भपका येऊन नंतर बंद होत असेल तर व्हॉल्वचे सील गेलेत, त्यासाठी पिस्टन काढायची काही गरज नाही, तरी लोकांनी अख्खी इंजिनं उघडलेली मी पाहिली आहेत. मग प्लग काढून सिलिंडरमधला दाब मोजणारा कम्प्रेशन गेज लावायचा, पेट्रोल इंजिनला साधारण १२ च्या आसपास किलो (दर चौरस सेंमीला) दाखवतो, आणि आकड्यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा, तो एक किलोच्या वर गेला की शंका घ्यायची. कमी दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत बघायचं, वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व नाहीतर गॅस्केट.

दुसरं इंजिन आणायचं तर भंगारात शोधावं लागतं. अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ ला हटवला, तेव्हापासून माल विखुरला, आणि हवं ते इथे नाही मिळालं तर लोक सरळ कुर्ला गाठतात. इंजिन घेताना क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने दोन फेरे फिरवून बघायचं, कुठे अडतंय का, प्लगच्या भोकातून टॉर्च मारायचा, आणि इंजिन नंबर घासलेला नाही ना ते बोटाने चाचपायचं. मी एकदा मारुती ८०० गाडीसाठी 'चालू गाडीतून काढलंय' म्हणून एक इंजिन आणलं, विकणाऱ्याने समोर चालवून दाखवलं, धुराचा पत्ता नाही. घरी आणून ऑइल काढलं तर ते गुळाच्या पाकासारखं पडायला लागलं, धूर दबावा म्हणून जाड ऑइल भरलेलं. शेवटी तेही खोललंच.

कागदाचा भाग थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदल ही आरटीओच्या परवानगीने करायची गोष्ट आहे, न कळवता बदललं असेल तर १४ दिवसांत कळवावं लागतं, आणि त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन असेल तरच पुढचं सोपं जातं. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर गाडी बदलता येणार नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१९ ला सांगितलेलंच आहे, म्हणजे कार्ब्युरेटरच्या गाडीत मोठं इंजिन बसवायची हौस रस्त्यावर चालणार नाही. आरसीवर इंजिन नंबर असतो, विम्यावरही, त्यामुळे खरेदीचं बिल जपून ठेवायचं.

उतरवणं हे दिसायला मोठं आणि प्रत्यक्षात सरळ काम. बॅटरी सुटी, पाणी आणि ऑइल खाली, बॉनेट काढून भिंतीला टेकवायचं, वायरिंगचे आणि व्हॅक्यूम पाइपांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवायचे, गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्यायची आणि फक्त जॅकच्या भरवशावर कधीच खाली शिरायचं नाही. मारुती ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन लहान, दोघं-तिघं मिळून सांभाळता येतं. जुन्या जीपचं २५२३ सीसीचं डिझेल मात्र चेन ब्लॉकशिवाय हलत नाही, म्हणून निफाड-पिंपळगावकडे ही कामं द्राक्षाच्या शेडमध्ये होतात, तिथे वर लोखंडी गर्डर आयता असतो (हंगाम संपल्यावर, नाहीतर घरचे शिव्या घालतात). नट-बोल्ट ठेवायला श्रीखंडाचे रिकामे डबे बेस्ट, हेडचे बोल्ट तर पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढून त्यातच खोचायचे. कनेक्टिंग रॉडच्या कॅपना उतरवतानाच खुणा करायच्या, या कॅप एकमेकींत बदलल्या तर सगळं वाया.

खरं इंजिन ठरतं ते मापात. बोअरच्या वरच्या काठाला नख फिरवलं आणि ते पायरीला अडलं तर झीज झालीच आहे, पण किती ते बोअर गेजच सांगतो. वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी आणि आडवी-उभी अशी दोन्ही मापं घ्यायची कारण बोअर गोल झिजत नाही, पिस्टन ज्या बाजूंना रेटतो तिकडे जास्त झिजतो, आणि तेही वरती, जिथे पहिली रिंग थांबून परत फिरते. ८०० चा स्टँडर्ड बोअर ६८.५ मिमी, त्याच्यावरचा पहिला ओव्हरसाइज पाव मिमीचा, म्हणजेच दहा थाउ, मग वीस. चांगला लेथवाला आधी पिस्टन आणा म्हणतो, मग बोअर करतो, कारण हातात आलेल्या पिस्टनच्या मापावरून गॅप सोडायची असते आणि ती काही शतांश मिमीचीच असते. जो पिस्टन न बघता बोअर करून देतो त्याच्याकडे परत जाऊ नये. क्रँकचं उलटं, तो घासून लहान होतो आणि त्याला तेवढे जाड अंडरसाइज बेअरिंग लागतात.

लेथवरून ब्लॉक घरी आला की त्याला आंघोळ घालण्याचा कार्यक्रम, आणि इथे रॉकेल-डिझेलवर भागवू नका. होनिंगची (बोअर दगडाने घासून घेण्याची) बारीक पूड बोअरच्या तिरक्या रेघांत बसलेली असते, ती गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश यांनीच निघते. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत धुवायचं, वाळवायचं आणि लगेच ऑइलचा हात फिरवायचा, नाहीतर चहा पिऊन येईपर्यंत गंज धरतो. रिंग बोअरमध्ये सोडून पिस्टनने सरळ खाली ढकलायची आणि तोंडाची फट फिलर गेजने मोजायची, ढोबळ हिशोब इंचाच्या बोअरला चार थाउ, म्हणजे ८०० ला दहा-अकरा थाउ. मग रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत, पिस्टनवरचा बाण टायमिंगच्या बाजूला, आणि हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने. अंदाजाने आवळणारा हात कितीही जुना असो, मला पटत नाही. क्रँकच्या थ्रस्ट वॉशरच्या ऑइलच्या खाचा क्रँककडे तोंड करून बसतात, मी एक उलटा बसवला होता, गाडी सुरू झाली, छान चालली, फक्त क्लच दाबला की आवाज बदलायचा, आणि त्या एवढ्याशा चकतीपायी इंजिन परत उतरवावं लागलं.

पहिल्या स्टार्टला घाई नको. कॉइलचं कनेक्शन आणि फ्युएल पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर थोडा थोडा मारायचा, ऑइलचा दिवा विझला की मगच ठिणगी द्यायची. हीटर उघडा ठेवून पाणी भरायचं म्हणजे आत हवा अडकत नाही. सुरू झाल्यावर उभ्या उभ्या तासभर आयडलवर ठेवायची नाही, त्याने बोअरला काच चढते, म्हणजे तो काचेसारखा गुळगुळीत होतो, आणि रिंगा बसतच नाहीत, रस्त्यावर न्यायची, वेग कमी-जास्त करत, गंगापूर रोडने सोमेश्वर ओलांडून धरणाकडे जाऊन यायची चक्कर त्याला बरी. कसारा घाट पहिले हजार किमी विसरायचा. पहिलं ऑइल ५०० किमीला काढतात, ते पांढऱ्या ट्रेमध्ये घेऊन उन्हात तिरकं धरायचं. बारीक चंदेरी झाक दिसली तर रिंगा बसतायत, तांबूस पत्री तरंगताना दिसली तर बेअरिंग, आणि मग श्रीखंडाचे डबे परत बाहेर.